ऑडिओ क्लिप कापताना किती झूम करायचं आणि कधी

“भाऊ, आवाज तुटून राहिला ना, पाहून देता का जरा?” असं म्हणत महिन्यातून दोन-तीन जण तरी पेनड्राईव्ह घेऊन येतात. कोणी नवीन पॉडकास्ट सुरू केलेला असतो, कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नागपूरच्या महाल भागातल्या आजोबांची मुलाखत घेतलेली असते, कोणी पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीत शिरून रेकॉर्डिंग केलेलं असतं. माईक ठीक असतो, बोलणाराही ठीक असतो. घोळ कापाकापीत झालेला असतो. अख्खा तास एका पडद्यावर दिसतोय एवढ्या दुरून कात्री चालवलेली असते. काही जण उलट पहिल्याच ‘अं’वर इतकं जवळ जाऊन बसतात, की तीन तासांत चार मिनिटांचंच काम होतं.

खालचा क्रम बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी आहे. कीबोर्डवरच्या की ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरच्या ३ मालिकेतल्या दिल्या आहेत, कारण ते फुकट आहे आणि बहुतेकांकडे तेच असतं. रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे. मॅकवाल्यांनी ‘कंट्रोल’च्या जागी ‘कमांड’ वाचावं.

आधी पडद्याचा हिशेब

लॅपटॉपचा पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे असं धरा. तासाभराचं रेकॉर्डिंग त्यात बसवलं, की एका पिक्सेलमध्ये जवळपास १.९ सेकंद कोंबले जातात. तेवढ्यात माणूस चार-पाच शब्द बोलून मोकळा होतो. त्या नजरेतून तुम्ही एका बारीक रेषेवर कर्सर ठेवता तेव्हा प्रत्यक्षात अर्ध्या वाक्यावर बोट ठेवलेलं असतं.

पडद्यावर ३० सेकंद दिसत असतील, तर एक पिक्सेल साधारण १६ मिलिसेकंदांचा होतो. २ सेकंद दिसत असतील, तर १ मिलिसेकंदाचा. ‘क’ म्हणताना जीभ सुटते तो फटका आणि त्यामागची हवा मिळून २०-३० मिलिसेकंदांचा मामला असतो. तीस सेकंदांच्या नजरेत तो दीड-दोन पिक्सेलांचा, म्हणजे न दिसण्यासारखाच. दोन सेकंदांच्या नजरेत मात्र २५ पिक्सेलांचा, चांगला बोटभर दिसतो.

तेव्हा तीन मुक्काम ठरवून घ्या. दूरचा म्हणजे पूर्ण फाईल, मधला २० ते ३० सेकंदांचा, जवळचा १ ते २ सेकंदांचा. याहूनही जवळ, सुटे सॅम्पल (आवाजाची एकेका क्षणाची मोजमापं) ठिपक्यांसारखे दिसेपर्यंत जाता येतं, पण तिथे जायचं कारण एकच आहे आणि ते सहाव्या टप्प्यात येईल.

तयारी

मूळ फाईलला हात लावू नका. तिची प्रत करा, प्रत उघडा, आणि मूळ फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राईव्हवर टाकून विसरून जा.

फोनवरचं रेकॉर्डिंग बहुधा एमफोरए असतं. विंडोजवर ऑडॅसिटीला ते उघडण्यासाठी एफएफएमपेग नावाची लायब्ररी लागते. ती आधीच टाकून ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता शोधाशोध नको. उघडल्यावर लगेच प्रोजेक्ट म्हणून सेव्ह करा. मधल्या कुठल्याही टप्प्यावर एमपी३ काढून तीच परत उघडू नका. एमपी३ दर वेळी नव्याने दाबली जाते, आणि तिसऱ्या फेरीला ‘स’ आणि ‘श’ पत्र्यावर खडे घासल्यासारखे वाजू लागतात.

कान झाकणारे हेडफोन घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर कट ऐकूच येत नाहीत. चाकाचा साधा माऊसही घ्या, टचपॅडवर हे काम करणं म्हणजे हातमोजे घालून सुई ओवणं.

आता कूलर. मे महिन्यात नागपुरात बंद खोलीत कूलर न लावता मुलाखत घ्या, असं सांगणाऱ्याने नागपूर पाहिलेलं नसावं. पण कूलरचा आवाज सारखा नसतो. पंप चालू असताना पाण्याची टपटप येते, पंप बंद झाला की पंख्याची घरघर वेगळी लागते, कोणी मध्येच स्पीड बदलतं. नंतर दोन वाक्यं जोडताना हाच फरक जोडावर उघडा पडतो. जमल्यास दहा-दहा मिनिटांचे तुकडे कूलर बंद ठेवून घ्या. नसेल जमत, तर पंप बंद, पंखा एकाच स्पीडवर. आणि काहीही झालं तरी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. पाचव्या टप्प्यात तो नसला की फार आठवतो.

शेवटची तयारी झूमची. ऑडॅसिटीत शिफ्ट आणि झेड दाबलं की झूमच्या दोन ठरावीक पायऱ्यांमध्ये ये-जा होते. या पायऱ्या मुळात नेमून दिलेल्या असतात त्या कामाच्या नाहीत, कारण त्यातली दुसरी थेट सॅम्पलपर्यंत नेते. प्रेफरन्सेसमध्ये ट्रॅक्सच्या पानावर जाऊन दोन्ही पायऱ्या अशा निवडा, की पहिलीत पडद्यावर वीस-तीस सेकंद आणि दुसरीत एक-दोन सेकंदांच्या आसपास दिसतील. एका दाबात मधल्या मुक्कामावरून जवळच्या मुक्कामावर जाता येतं.

पाठ करायच्या की एवढ्याच:
– कंट्रोल धरून माऊसचं चाक: जवळ-दूर, माऊसचा बाण असेल त्या जागेभोवती
– शिफ्ट धरून चाक: डावीकडे-उजवीकडे
– कंट्रोल आणि एफ: पूर्ण फाईल पडद्यावर
– कंट्रोल आणि ई: सिलेक्ट केलेला भाग पडद्यावर

रीपरमध्ये नुसतं चाक फिरवलं की झूम होतं, ऑल्ट धरलं तर सरकतं, कंट्रोल धरलं तर ट्रॅकची उंची बदलते. मात्र रीपरचं झूम मुळात कर्सरभोवती होतं, माऊसभोवती नाही. म्हणून नवा माणूस एकीकडे बघत असतो आणि पडदा दुसरीकडेच पळतो. हेही प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतं, पहिल्याच दिवशी बदलून टाका. प्रो टूल्सवर शिकत असाल तर कीबोर्ड फोकस चालू करून आर आणि टी या दोन की वापरा, एक दूर नेते आणि दुसरी जवळ आणते.

*तपासा:* फाईल उघडा, मधल्या कुठल्याही शब्दावर जा, पूर्ण फाईलपर्यंत मागे या आणि परत त्याच शब्दावर जा. हे तीन सेकंदांत होत नसेल तर पुढे जाऊ नका, दहा मिनिटं हाच सराव करा.

टप्पा १: दुरून ऐका, फक्त खुणा करा

कंट्रोल आणि एफ दाबून पूर्ण फाईल समोर ठेवा आणि सुरुवातीपासून ऐका. या फेरीत काहीच कापायचं नाही. ऐकता ऐकता कंट्रोल आणि एम (मॅकवर कमांड आणि पूर्णविराम) दाबलं की वाजत असलेल्या जागी लेबल पडतं. त्यात एकच अक्षर लिहा: काढायचं असेल तर ‘क’, शंका असेल तर ‘श’, आवडलेलं असेल तर ‘आ’. लांब टिपण लिहायला बसलात की ऐकणं सुटतं.

तासाच्या मुलाखतीला ही फेरी तासाची होते आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. पण ही फेरी टाळून सरळ कापायला बसलेल्यांनी पाचव्या मिनिटाला काढून टाकलेलं वाक्य चाळिसाव्या मिनिटाला आजोबांनी पुन्हा संदर्भाला घेतलेलं मी बरेचदा पाहिलं आहे. मग ते “आधी म्हटलं ना तुले” कशाबद्दल आहे, ऐकणाऱ्याला कळत नाही.

*सावधान:* वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचं पडद्यावरचं लाटांचं चित्र, बुटका दिसला म्हणून लगेच ॲम्प्लिफाय करू नका. त्याने कूलरही तेवढाच मोठा होतो. फक्त दिसायला मोठा हवा असेल तर उभं झूम वापरा: ऑडॅसिटीत ट्रॅकच्या डाव्या पट्टीवर, आकडे असतात तिथे उजवं क्लिक करा. रीपरमध्ये शिफ्ट धरून वर-खाली बाण. चित्र उंच होतं, आवाज होता तेवढाच राहतो.

टप्पा २: मोठे तुकडे काढा, शेवटाकडून

फोन वाजला, चहा आला, समोरच्या गल्लीत भंगारवाला ओरडला, असे मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे आधी काढा. सुरुवात फाईलच्या शेवटाकडून करा. कागदावर ‘१४ मिनिटं २० सेकंद’, ‘३१ मिनिटं ५ सेकंद’ अशा वेळा लिहिल्या असतील आणि तुम्ही पुढून कापत गेलात, तर पहिल्याच कटनंतर पुढच्या सगळ्या वेळा चुकतात. मागून पुढे आलात तर शेवटपर्यंत बरोबर राहतात. हे कोणी सांगत नाही आणि लोक प्रत्येक कटनंतर वजाबाकी करत बसतात.

या टप्प्यात कड अचूक लागायची गरज नाही. दोन्ही बाजूंना सेकंदभर जास्तीचं ठेवून कापा. कड नंतर घासता येते, कापून गेलेला शब्द शोधायला मात्र मूळ फाईल उघडावी लागते.

दोन माईकचे दोन ट्रॅक असतील तर इथे थांबा. ऑडॅसिटीत एका ट्रॅकमधला भाग सिलेक्ट करून डिलीट केला की त्या ट्रॅकचं पुढचं सगळं अलीकडे सरकतं, दुसरा ट्रॅक तिथेच राहतो. प्रश्न एका वेळी आणि उत्तर दुसऱ्या वेळी, असा गोंधळ होतो. शिवाय चूक लगेच कळत नाही, दहा मिनिटं पुढे गेल्यावर कळते. म्हणून ट्रॅक्स मेनूतलं सिंक-लॉक आधी चालू करा. ट्रॅकवर घड्याळाची खूण दिसली की ते चालू आहे.

रीपरमध्ये उलटं आहे. तिथे एस दाबून स्प्लिट केलं आणि तुकडा डिलीट केला तर भोक तसंच राहतं, पुढचं काही सरकत नाही. सरकायला हवं असेल तर रिपल एडिटिंग ‘सगळ्या ट्रॅकवर’ ठेवा, आणि काम झालं की बंद करा. ते चालू राहून गेलं आणि मागचा एखादा तुकडा सहज हलवला, तर अख्खा कार्यक्रम सरकतो.

*तपासा:* मोठे तुकडे काढून झाले की शेवटच्या मिनिटावर जा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. प्रश्न-उत्तर जागेवर असतील तर मधलंही बहुधा ठीक आहे. इथे प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा. लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

टप्पा ३: मधल्या मुक्कामावर वाक्यं

आता झूमच्या पहिल्या पायरीवर या. पडद्यावर वीस-तीस सेकंद, म्हणजे तीन-चार वाक्यं. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हा सगळा निर्णय याच नजरेत घ्यायचा. याहून जवळ गेलात की वाक्याचा सूर हरवतो आणि प्रत्येक ‘अं’ शत्रू वाटायला लागतो.

नको तो भाग सिलेक्ट करा आणि डिलीट करण्याआधी सी दाबा. ऑडॅसिटी सिलेक्शनच्या आधीचे २ सेकंद आणि नंतरचा १ सेकंद जोडून ऐकवतं, मधलं वगळून. म्हणजे कापण्याआधीच कापल्यावर कसं वाटेल ते कळतं. एवढी कामाची की असूनही माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी जवळपास कोणालाच ती माहीत नसते. ते बिचारे डिलीट, ऐक, अनडू, परत सिलेक्ट, परत डिलीट असं करत राहतात.

‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय म्हणतात ते’ हे सगळं उपटून काढायचा मोह होतो. काढू नका. माणूस विचार करतोय तिथे ‘म्हणजे’ राहू द्या, सवयीने बोलतोय तिथे काढा. वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या वाक्याच्या शेवटचं ‘ना’, ‘गा’, ‘बाप्पा’ ही भरती नाही, तोच सूर आहे. तो काढला की आजोबा बातम्या वाचल्यासारखे बोलू लागतात. श्वासांचंही तसंच. सगळे श्वास काढलेलं बोलणं ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. फार मोठा श्वास असेल तर तेवढाच भाग सिलेक्ट करून ६ ते ८ डेसिबलने खाली आणा.

टप्पा ४: जवळ जाऊन शब्दाची कड

निर्णय झाला, आता कात्री नेमकी कुठे ठेवायची एवढंच उरलं. एक वाक्य घेऊन पाहू:

“म्या त्याले म्हटलं… अं… म्हणजे… काहून येऊन राहिला गा तू?”

मधलं ‘अं… म्हणजे…’ काढायचं आहे. ढोबळ सिलेक्शन मधल्या मुक्कामावरच करा. आता शिफ्ट आणि झेड दाबा. ‘म्हटलं’चा शेवट पाहा. वेव्हफॉर्म जिथे बारीक झाला तिथे शब्द संपला असं वाटतं, पण शेवटचा ‘लं’ हळूहळू विरत जातो. ती शेपटी कूलरच्या घरघरीत मिसळलेली असते आणि डोळ्याला घरघरच दिसते. कानाला मात्र ती ऐकू येते. तिथे कापलंत तर ‘म्हट्’वर कोणीतरी तोंड दाबल्यासारखं वाटतं. दिसणाऱ्या शेवटानंतर शंभर-दीडशे मिलिसेकंद सोडून कापा.

दुसरी कड ‘काहून’ची. इथे ‘क’च्या आधी पूर्ण शांतता असते, कारण आवाज सुटण्याआधी जीभ मागे टाळूला चिकटून हवा अडवते. मग फटका, मग ‘आ’चा जाडजूड आकार. घाईत लोक जाड आकाराच्या सुरुवातीला कापतात, कारण डोळ्याला तीच शब्दाची सुरुवात वाटते. मग ‘काहून’चं ‘आहून’ होतं. फटक्याच्या २०-३० मिलिसेकंद अलीकडे, शांततेत कापा.

मराठी वर्णांची ही वेव्हफॉर्मवरची तोंडओळख ठेवा, फार वेळ वाचतो:

क, ट, त, प: आधी शांतता, मग बारीक उभी रेघ. रेघेच्या अलीकडे कापायचं.

ख, ठ, थ, फ: रेघेनंतर हवेचा झुपका येतो. तो कचरा समजून काढला तर ‘खरं’चं ‘करं’ होतं.

स, श: उंची कमी, गवतासारखं दाट. कूलरच्या आवाजात हे बेमालूम लपतं. ‘सांगतो’चं ‘आंगतो’ होण्याचं कारण हेच. शंका आली तर ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम चालू करा, त्यात बारीक आवाज वर आणि जाड आवाज खाली दिसतात. तिथे ‘स’ वरच्या पट्ट्यात चकाकतो आणि कूलर बहुतेक खालच्या पट्ट्यात पसरलेला दिसतो. बघून झालं की परत वेव्हफॉर्मवर या.

ह: सुरुवात इतकी मऊ की दिसतच नाही. आकार सुरू झाला वाटतो तिथून ५० मिलिसेकंद तरी मागे जा.

जोडाक्षरांबद्दल माझीच एक फजिती सांगतो. ‘हो बाप्पा’ असं एका काकूंनी म्हटलं होतं. दुहेरी ‘प्प’च्या मध्ये ओठ मिटलेले असतात, तेवढा वेळ वेव्हफॉर्म सपाट असतो. मला तो दोन शब्दांमधला रिकामा वेळ वाटला. बाकीचे असे रिकामे वेळ मी आवळत होतो, तोही आवळला. दुसऱ्या दिवशी काकू पूर्ण कार्यक्रमात ‘हो बापा’ म्हणत होत्या. ‘अट्टल’, ‘चक्क’, ‘पत्ता’ या सगळ्यांत हा सपाट तुकडा असतो आणि तो शब्दाचाच भाग आहे.

कड लागली की झेड दाबा, आता शिफ्टशिवाय. सिलेक्शनच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यावर, म्हणजे वेव्हफॉर्म मधली रेघ ओलांडतो त्या जागी सरकतात. एका बाजूची लाट वर असताना कापली आणि दुसऱ्या बाजूची खाली असताना जोडली, तर जोडावर एकदम उडी बसते आणि ती ‘टक्’ अशी ऐकू येते. शून्यावर कापलं की ही उडी टळते. स्टिरिओ फाईलमध्ये डावा आणि उजवा आवाज एकाच क्षणी शून्यावर असेलच असं नाही, म्हणून तिथे फक्त झेडच्या भरवशावर राहू नका. एका माणसाच्या बोलण्याला तसंही मोनोच पुरतं. परत सी दाबून ऐका, मगच डिलीट.

*सावधान:* ऑडॅसिटी ३.१पासून क्लिपची कड ओढून लहान-मोठी करता येते आणि लपलेला भाग परत बाहेर काढता येतो. पण ३.४पासून ऑल्ट धरून कड ओढली तर क्लिप कापली जात नाही, ताणली जाते. आजोबा अचानक हळू बोलू लागले तर बोट कुठे होतं ते आठवा.

टप्पा ५: जोड बुजवणं

‘टक्’ गेलं तरी जोड ऐकू येऊ शकतो, कारण मागची खोली बदललेली असते: कटच्या आधी पंप चालू, नंतर बंद.

अशा वेळी क्रॉसफेड लागतो, म्हणजे पहिला तुकडा विरत असतानाच दुसरा हळूहळू चढतो. ऑडॅसिटीत जोडावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि आय दाबा, म्हणजे दोन क्लिप वेगळ्या होतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर सिलेक्ट करा आणि इफेक्ट मेनूतून क्रॉसफेड क्लिप्स चालवा. शब्दांच्या मध्ये १० ते २० मिलिसेकंद पुरतात. मागची खोली बरीच बदललेली असेल तर दोन वाक्यांमधल्या शांततेत १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत जा, पण क्रॉसफेड शब्दावर चढू देऊ नका, नाहीतर एका शब्दाखाली दुसऱ्याचं भूत ऐकू येतं. पुढचा जोड आला की तसंच सिलेक्ट करून कंट्रोल आणि आर दाबा, शेवटचा इफेक्ट परत लागतो. रीपरमध्ये दोन तुकडे एकमेकांवर सरकवले की क्रॉसफेड आपोआप बनतो.

गर्दीच्या आवाजाचं गणित वेगळं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीसोबत चालत घेतलेलं रेकॉर्डिंग बोलण्याखाली लावायचं असेल, तर तिथे २ ते ४ सेकंदांचे लांब क्रॉसफेड द्या. घोषणा अर्ध्यात तोडू नका, आणि ढोल-ताशा चालू असेल तर कट ठोक्याच्या अगदी आधी ठेवा. रीपरमध्ये टॅब दाबलं की कर्सर पुढच्या ठोक्यावर जाऊन बसतो. ठोक्याच्या जोरात जोड झाकला जातो आणि ताल चुकत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन वाक्यांच्या मधला खोकला नको असतो, पण तेवढा वेळ हवा असतो. म्हणून लोक तो भाग सिलेक्ट करून कंट्रोल आणि एल दाबतात, आणि तिथे ठार शांतता होते. पूर्ण मुलाखतभर कूलर घुमतोय आणि मध्येच अर्धा सेकंद काहीच नाही! ऐकणाऱ्याला वाटतं फोन कट झाला. तयारीत घेतलेला रूम टोन इथे वापरा: त्यातला तेवढ्याच लांबीचा तुकडा कॉपी करा, खोकल्याच्या जागी पेस्ट करा, आणि दोन्ही कडांना बारीक क्रॉसफेड. रूम टोन घ्यायचा राहून गेला असेल तर त्याच मुलाखतीत कोणीच बोलत नाही असा सेकंद-दीड सेकंद शोधा. एकच तुकडा मात्र वीस वेळा चिकटवू नका. त्यात पाण्याचा एखादा थेंब असेल तर तो वीस वेळा पडतो आणि कान तो बरोबर पकडतो.

*तपासा:* प्रत्येक जोड पाच सेकंद आधीपासून ऐका. जोडाच्या नेमक्या जागेपासून ऐकलं तर सगळेच जोड खराब वाटतात.

टप्पा ६: सॅम्पलपर्यंत जायचं एकमेव कारण

तुम्ही कापलं नाही तिथेही ‘टक्’ येत असेल, माईकच्या वायरीचा किंवा ओठांचा, तरच इतक्या जवळ जा. टक् जिथे ऐकू येतो तो भाग सिलेक्ट करून कंट्रोल आणि ई दाबा, आणि सिलेक्शन दर वेळी लहान करत परत दाबत राहा, ठिपके सुटे दिसेपर्यंत. लाटेच्या गोलाईतून एखादा काटा बाहेर आलेला असतो. तेवढाच सिलेक्ट करून रिपेअर हा इफेक्ट द्या. तो एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल घेतो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या फाईलमध्ये ३ मिलिसेकंदांहूनही कमी. जास्त सिलेक्ट केलं तर चालतच नाही. ड्रॉ टूलने ठिपका हाताने खाली ओढता येतो, पण रिपेअर जास्त साफ करतं.

तासाच्या फाईलमध्ये असे पाच-सहा टक् काढले की पुरे. हेडफोनवर बारीकसा ऐकू येणारा पण फोनवर गायब होणारा टक् शोधत बसू नका.

टप्पा ७: पडद्याकडे पाठ करून ऐकणं, मग एक्स्पोर्ट

लॅपटॉप फिरवून ठेवा किंवा डोळे मिटा. वेव्हफॉर्म दिसत असताना कट येणार हे डोळ्याला आधीच कळतं आणि कान तो ऐकू लागतो. एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर, आणि शक्य असेल तर एकदा गाडीत, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये. कारण ऐकणारा तिथेच ऐकणार आहे. खटकलं तिथे फक्त वेळ लिहा, थांबून दुरुस्त करू नका. मग परत शेवटाकडून सुरुवातीकडे दुरुस्ती.

आवाजाची एकूण पातळी आता, अगदी शेवटी. लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये पॉडकास्टसाठी स्टिरिओला उणे १६ आणि मोनोला उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) ठेवतात. हे आधी केलंत आणि नंतर मोठा आवाज असलेला तुकडा काढलात, तर हिशेब परत चुकतो.

प्रोजेक्ट सेव्ह करणं आणि एक्स्पोर्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एयूपी३ ही ऑडॅसिटीची स्वतःची फाईल आहे, ती व्हॉट्सॲपवर पाठवून “वाजत नाही” अशी तक्रार करणारे दरवर्षी भेटतात. आधी डब्ल्यूएव्ही काढा, आपण जिला वेव्ह फाईल म्हणतो ती. पाठवायची एमपी३ तिच्यापासूनच बनवा. व्हिडिओखाली जाणार असेल तर ४८,००० हर्ट्झ, नुसती ऐकायची असेल तर ४४,१०० चालेल. १६ बिटची मोनो वेव्ह ४४,१०० वर मिनिटाला साधारण ५.३ एमबी होते. तासाची फाईल ३१८ एमबीच्या आसपास दिसली नाही, तर एक्स्पोर्ट करताना फक्त सिलेक्शन गेलं आहे का ते पाहा.

फाईलच्या नावात तारीख आणि ‘कापलेली’ किंवा ‘मूळ’ एवढं लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशा तीन फायली घेऊन परवाच एक पोरगा आला होता. त्यातली कोणती पाठवायची ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि तिन्ही ऐकून ठरवण्यात आमची अख्खी दुपार गेली.